धाकट्याचं आमेन

थोरातकाकांच्या घरी रोजच्या प्रार्थनेचा एक नियम होता. सुरुवात बापाने करायची, पण शेवटचं आमेन घरातल्या सगळ्यात लहानाने म्हणायचं, आणि तोवर कोणी जागचं उठायचं नाही. नाशिकरोडला आमची दोन्ही घरं एका भिंतीची. स्वयंपाकघरांच्या खिडक्या मागच्या एकाच अंगणात उघडायच्या. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावायची आणि पलीकडे त्यांचं गीत सुरू व्हायचं. काका चांगलेच बेसूर होते. देवाला चालत असेल, मला त्रास व्हायचा.

काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर, मूळचे इगतपुरीकडचे. मुलं तीन: नववीतली रूथ, चौथीतला सुहास आणि नुकती बोलायला लागलेली पिंकी. एकच गोष्ट तिघांना कशी सांगता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बाई, भाकर एकच. घास ज्याच्या त्याच्या तोंडाएवढा करायचा." नोहाच्या महापुराच्या गोष्टीत पिंकीने प्राण्यांचे आवाज काढायचे, सुहासने तारू कसं बांधलं असेल ते सांगायचं, आणि रूथला भांडायची मुभा होती. "बुडाले त्यांच्यात लहान पोरंही असतील ना? त्यांचं काय चुकलं?" ती विचारायची. काका म्हणायचे, "मलाबी लय वेळा वाटतं ते. चल, देवालाच विचारू."

एकदा पिंकी रुसली. आमेन म्हणेना. बाहेर रात्रपाळीला नेणारी बस हॉर्न वाजवून थकली. सुशीलाकाकू म्हणाल्या, "अहो, म्हणून टाका ना तुम्हीच!" काकांनी मांडी सोडली नाही. "माझ्या म्हणण्यानं संपत नाय ती." बस गेली. मग पिंकी खुदकन हसून आमेन म्हणाली आणि काका सायकल काढून एकलहऱ्याला निघाले.

मुलं शिकली, पांगली. रूथ पुण्याला, सुहास दुबईला, पिंकी कॅनडात. काही दिवस पिंकीचं आमेन मोबाईलवरून यायचं. पण तिथे सकाळ, तिची कामाची घाई. हळूहळू ते थांबलं. मग आमेन काकू म्हणायच्या, त्या काकांपेक्षा वयाने लहान. मग काकूही गेल्या.

त्यानंतर काका एकटेच गायचे, वाचायचे, पोरांची नावं घेऊन प्रार्थना करायचे आणि आमेनपाशी येऊन गप्प व्हायचे. ती शांतता मला सोसवत नसे. माझ्या घरात तरी कोण होतं बोलायला! एकदा अंगणात मी म्हटलं, "काका, आता तुम्हीच संपवत जा."

"एकटा उरलो म्हणून काय लहान झालो? तशीच सोडून उठतो, बाई. जेवण जात नाय मग."

त्या संध्याकाळी मी कणीक मळत होते. पलीकडे ते थांबले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमेन!" आमच्या जोश्यांच्या स्वयंपाकघरात हा शब्द पहिल्यांदाच आला असेल. पलीकडे खुर्ची सरकली, आणि त्यांच्यात प्रार्थनेनंतर म्हणतात तसा आवाज आला, "सलाम, बाई. जेवून घ्या."

"लहानच आहे मी तुमच्यापेक्षा," मी ओरडून सांगितलं.

मग रोज माझं आमेन, रोज त्यांचा सलाम. प्रार्थनेत पोरांच्या नावांनंतर माझे दुखरे गुडघेही येऊ लागले. खरं सांगते, दिवसभरात माझं नाव घेणारा तेवढाच एक आवाज होता.

गेल्या थंडीत एका संध्याकाळी माझे गुडघे सांगून झाले आणि ते थांबले. मी आमेन म्हटलं. सलाम आला नाही. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. मग पिठाच्या हातांनीच धावले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका खुर्चीत होते, बायबल मांडीवर उघडं.

दफनविधीनंतर पिंकी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"मावशी, त्या दिवशी आमेन झालं होतं का?"

"दोनदा म्हटलं गं. पहिलं तरी पोचलं असेल."

"मग उठले असतील बाबा," ती म्हणाली, आणि लहानपणी रडायची तशी रडली.

ती कॅनडाला परत गेली. पलीकडे कुलूप लागलं. सातच्या सुमाराला मी कणीक मळायला घेते. माझे गुडघे आता देवाला कोणी सांगत नाही.