नाव न ठेवलेलं औषध

आईच्या ऑफिसचे किस्से आमच्या घरी रद्दीसारखे साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, तरी ढीग होतो. ती नोएडाच्या एका संशोधन केंद्रात आहे. तिथे नवीन औषध पहिल्यांदा माणसांना देतात, तेही धडधाकट माणसांना. ते शरीराला झेपतं का, एवढंच बघायला. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे जेवताना सगळं माझ्यासमोर बोललं जातं.

*

अशा औषधाला नाव नसतं, नुसता नंबर असतो. आजीला हे पटेना.

"इतकी वर्षं खपताय आणि अजून बारसं नाही?"

"अहो आई, आधी ते पास व्हायला हवं. मग नाव."

आजीने बाबांकडे बघितलं. "बरोबर आहे. आमची जरा घाईच झाली."

बाबा वरण वाढून घेत राहिले.

*

काहींना खरी गोळी मिळते, काहींना नुसती तशी दिसणारी. कोणाला कुठली, हे आईलाही माहीत नसतं.

गाझियाबादचे शर्माजी पहिल्याच दिवशी डोकं धरून बसले. "मॅडम, चक्कर आ रही है. गोली बहुत तेज़ है."

"शर्माजी, गोली तो अभी ट्रे में है."

शर्माजींनी लांबूनच ट्रेकडे बघितलं. "तभी तो कह रहा हूँ, बहुत तेज़ है."

*

बीडचा एक दादा यूपीएससीची तयारी करता करता इथे दाखल झाला होता. आईने मला त्याचं नाव बदलायला लावलंय, म्हणून मी त्याला गायकवाड म्हणते. कसलाही त्रास झाला तरी सांगायचा, असा नियम. तो म्हणाला, घर की याद आती है.

डॉक्टर खन्ना अगदी गंभीर. "कब से?"

"दिल्ली आया तब से."

"खाने के बाद बढ़ता है?"

"लौकी के बाद बहुत."

डॉक्टरांनी ते दुधीसकट तसंच लिहून घेतलं.

*

खरं टेन्शन आईला होतं. पहिल्यांदाच सगळी जबाबदारी तिच्यावर होती. गोळी घेणाऱ्यांपैकी दोघं मध्येच निघून गेले होते; आणखी एक गेला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. पण कोणालाही अडवायचं नाही, हाही नियमच. म्हणून रोज सकाळी ती गोड आवाजात सांगायची, "आप जब चाहें जा सकते हैं." आणि गायकवाड रोज बॅग भरायचा.

शेवटच्या आठवड्यात त्याची आई गावाहून आली. हातात भाकरी-ठेच्याचा डबा. गायकवाड वरून ओरडला, "आई, थांब, मी येतोच!"

माझी आई धावत गेटवर गेली. "मावशी, त्याला बाहेरचं खायला चालत नाही."

"बाहेरचं कुठंय? घरचं हाय."

आईने परोपरीने समजावलं. शेवटी मावशींनी डबा आईच्याच हातात दिला. "मग तुम्ही सगळ्यांनी खा. भरलेला डबा मी माघारी नेत नसते." आणि वर बघून, "आरं, ह्या बाई एवढ्या जीव तोडून सांगायल्यात. काम पुरं करून ये."

गायकवाडने बॅग रिकामी केली. डॉक्टर खन्ना आणि वॉर्डातल्या दोन्ही सिस्टरांनी डबा रिकामा केला. "वाह, क्या चटनी है," म्हणत बोटंसुद्धा चाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषध कंपनीचे साहेब गुडगावहून तपासणीला आले. वॉर्डात एका बाजूला गायकवाड, शर्माजी आणि मंडळी मजेत कॅरम खेळत होती. दुसऱ्या बाजूला डॉक्टर खन्ना पोट धरून खुर्चीत वाकले होते आणि दोन्ही सिस्टर आडव्या होत्या.

साहेबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि आईला हळूच विचारलं, "मॅडम, दवा इनमें से किसको दी है?"