दीपनगरला लाइट गेली तेव्हा
काडी ओढल्याचा वास आला की मला दीपनगरची, आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतली, ती पहाट आठवते. नव्याण्णवचा पावसाळा होता. महिलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा उपांत्य सामना लागला होता आणि कॉलनीतल्या मुलींच्या संघाची गोलकीपर म्हणून मी टीव्हीला नाक लावून बसले होते. गतविजेत्या नॉर्वेवर चीनने दोन गोल चढवले होते आणि लाइट गेली. दुसरीकडे लाइट गेली की लोक नुसते वैतागतात. आमची वीज समोरच्याच केंद्रात तयार व्हायची, त्यामुळे आत काहीतरी झालंय हे लहान पोरांनाही कळायचं. भाऊ, म्हणजे माझे वडील, रात्रपाळीला बॉयलरवर होते. शेजारच्या धुळ्याकडच्या अक्कांनी काडी ओढली, पण ती लगेच विझली. "बठ्ठी कॉलनी अंधारामा शे व माय," त्या म्हणाल्या. खरंच, खिडकीबाहेर सगळी कॉलनी काळोखात होती. तेवढ्यात केंद्राकडून वाफ सुटल्याचा कान फाडणारा आवाज आला. आई अनवाणीच निघाली, मी तिच्यामागे. फाटकाशी उभ्या असलेल्या बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. एकेक माणूस बाहेर येई आणि ते भाऊ नाहीत हे दिसलं की आईची नखं माझ्या दंडात आणखी रुतत. उजाडल्यावर भाऊ आले, कोळशाने काळवंडलेले. "लाइनवर वीज पडली, संच बंद झाला, वाफ सोडावी लागली, बस. मॅच कोण हारलं?" मी त्यांची काळी बाही घट्ट धरली. आता पुण्यात लाइट गेली की शेजारी इन्व्हर्टरला शिव्या घालतात. निवृत्तीनंतर नशिराबादला राहणाऱ्या भाऊंना मी फोन लावते, आणि ते उचलेपर्यंत आईची ती नखं माझ्या दंडात रुतत राहतात.