चार महिने बाहेर राहिलेलं इंजिन

इंजिन एकदा बाहेर काढलं की ते परत आत जाईपर्यंत माणसं नुसती बोलत बसतात. आमचं चार महिने बाहेर होतं. त्यामुळे किस्से इतके साठलेत, की गाडीपेक्षा तेच जास्त धावतात!

गाडी सतीशभाऊंची, म्हणजे मूळच्या लातूरच्या आमच्या दोस्ताची. जुनी लाल हॅचबॅक. दिसायला डबी, पळायला सुसाट. ती धूर ओकायला लागली तेव्हा वहिनींनी सांगून टाकलं, "दसऱ्याला सुरू झाली तर हार घालीन. नाही झाली तर भंगारवाल्याला बोलावीन."

भाऊंची ती आयुष्यातली पहिली गाडी. गेली असती तर माणूस खचला असता, म्हणून प्रकाश, बापू आणि मी मदतीला गेलो. चौघंही चाकणच्या एकाच कार कंपनीतले.

*

पहिला रविवार. बापूंचा देहूरोडजवळचा रिकामा गोठा.

"इंजिन कसं काढायचं?" मी विचारलं.

प्रकाश लाइनवर सीट बसवतो. मी काचा. भाऊ फायनल इन्स्पेक्शनला, ते फक्त चुका काढतात.

"माझं स्टेशन डावं पुढचं चाक," बापू म्हणाले.

बापूंनी डावं पुढचं चाक दीड मिनिटात काढलं. मग आम्ही चहाला गेलो.

*

पुढं मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. गोठ्याच्या लोखंडी तुळईला चेन पुली टांगली आणि ओढायला लागलो. सगळं झकास वर येत होतं.

"आरं, इंजिन न्हाई, अख्खी गाडीच वर चाललीय की!" बापू ओरडले.

"एखादा बोल्ट राहिला असेल," प्रकाश म्हणाला.

सहा राहिले होते.

*

नटबोल्ट पिशव्यांत घालून चिठ्ठ्या लावायचं काम प्रकाशकडे होतं. चार महिन्यांनी, इंजिन दुरुस्त झाल्यावर, पिशव्या उघडल्या. एकीवर लिहिलं होतं, 'हा इथला.' दुसरीवर, 'हा तिथला.'

"तेव्हा समोर दिसत होतं ना राव!" प्रकाश म्हणाला.

*

इंजिन परत बसवताना ते अर्धं आत, अर्धं बाहेर लोंबकळत होतं. दहा वाजले. बापूंनी हातमोजे काढले आणि चालायला लागले. कंपनीत दहाला चहाची सुट्टी असते.

"बापू, इंजिन हवेत हाय!" भाऊ ओरडले.

"मग ते कुठं जातंय?"

*

दसऱ्याची सकाळ. वहिनी ताट आणि झेंडूचा हार घेऊन उभ्या. भाऊंनी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू! खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

भाऊ उतरले. बॉनेट उघडून पाच मिनिटं कान देऊन उभे राहिले.

"डावीकडून बारीक टकटक यायलीय. पास करता येत नाही. इंजिन परत उतरवा."



वहिनींनी बॉनेट खाली पाडलं, हार घातला, कुंकू लावलं.

"सव्वीस वर्षं संसार करताय, मला तरी कुठं पास केलंत? बसा गाडीत!"

भाऊ बसले. गाडी वहिनी चालवत होत्या.