सटवाईचा साबण

हिराबाईंकडे चहा मिळायचा, पण आधी नखं दाखवावी लागत. नवीन पनवेलला त्यांच्या शेजारी राहायला आले त्याच दिवशी मी विरजण मागायला गेले, तर म्हणाल्या, "हात पुढं कर." मला वाटलं, भविष्य सांगतात. "नखांत मेथी पेरलीस काय गो?" झालं माझं भविष्य.

करंजा गावच्या कोळीवाड्यातली ही पहिली नर्स. नवरा दर्यात गेला तो परत आला नाही. सासरचे रडून मोकळे होईपर्यंत ही बाई ट्रेनिंगला जाऊन बसली. परक्यांच्या अंगाला हात लावते म्हणून गावानं नाकं मुरडली. मग त्याच गावच्या सुना बाळंतपणाला पनवेलच्या सरकारी दवाखान्यात तिच्याकडे येऊ लागल्या. कळा सुरू झाल्या की तत्त्वं जरा बाजूला ठेवावी लागतात.

बाळंतीण घरी पोचली की तत्त्वंही घरी पोचत. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजायची, सुईणीची ओटी भरायची. हिराबाईंना बोलावणं नाही. विधवा ना. सटवाईला विधवा चालत नाही, हे तिनं कुणाच्या कानात सांगितलं देव जाणे. "पोर काढाया माजे हात चालतान, पूजेला नाय," असं म्हणून त्या उगाच हात धूत राहायच्या. एकदा तरी पाचवीला बसायचं, एवढी एकच आस होती त्यांना.

म्हातारपणी गावाला त्यांची महती कळली. निवडणूक जवळ आली होती. सत्कार ठरला. फ्लेक्सवर पुढारी मधुकरचा फोटो दारासारखा, हिराबाईंचा कडीएवढा. त्यांनी शाल अंगावर घेतलीच नाही.

"मधुकर, तू पायाळू जल्मलास, मीच काढला तुला. तवापासून तुजं सगलं उलटंच. शाल ठेव. नात झाली ना तुला? उद्या पाचवी हाय. मना बोलाव."

मधुकरनं माईक घट्ट धरला आणि समोर बसलेल्या आईकडे पाहिलं. सगळं गाव म्हातारीकडे बघू लागलं. तिनं पदर सारखा केला. "ये गो हिरा," ती म्हणाली. "उशीरच झाला."

मीही सोबत गेले. म्हातारी हिराबाईंची ओटी भरायला पुढं झाली, तर या म्हणतात, "आदी नखं दाखव." म्हातारीनं दोन्ही हात पुढं केले. मग यांनी पिशवीतून साबणाची वडी काढून पाट्यावर सटवाईपुढं ठेवली. "सटवाई पन पोराला हात लावनार. तिनं धुवू नयेत काय?"

हिराबाई गेल्या, त्याला दोन वर्षं झाली. परवा मधुकरच्याच आळीत एका पाचवीला गेले होते. पाट्यावर हळदीकुंकवाशेजारी साबण. नव्या सुनेला विचारलं, हे काय गं?

"आमच्यात पयल्यापासून हाय, आजी," ती म्हणाली. "सटवाईला साबण लागतोच."

रूढी अशा फार पुरातन असतात. मी मान डोलावली, आणि पदराआड हळूच स्वतःची नखं पाहून घेतली.