फाटकासमोरचा शेंदूर

बीडमधल्या आमच्या गल्लीत नगरपालिकेची माणसं टेप घेऊन आली की जो तो आपला ओटा डोळ्यांनी मोजायला लागतो. टेप म्हणजे अतिक्रमण, आणि अतिक्रमण म्हणजे जेसीबी. माझा ओटा रस्त्यावर हातभर आलेला आहेच, खोटं कशाला बोलू?

म्हणून दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात एक इंजिनिअर बाई माझ्या फाटकासमोर चुन्याचा चौकोन आखून म्हणाली, "काका, इथं शोषखड्डा करू, वर झाडं लावू, पावसाचं पाणी जमिनीत मुरेल," तेव्हा मला त्या गोड बोलण्याचाच संशय आला. हे लोक फुकट झाडं लावायला कधीपासून यायला लागले? आज झाडं लावतील, उद्या ओटा पाडतील.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या चौकोनात एक दगड ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. देवाला हात लावायची कुणाची छाती होणार? बाई आली. तिनं दगडाकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि मागच्या गल्लीत गेली.

तिथं खड्डे झाले. कुणाचा ओटा पडला नाही. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचे बोअर चालू होते आणि आम्ही टँकरच्या रांगेत. शेवटी मीच मुकाट्यानं खड्ड्यासाठी अर्ज लिहिला आणि शेजारणीकडे सहीला गेलो. ती त्याच दगडापुढं उदबत्ती लावत होती.

"देवाच्या जागेवर खड्डा? कावून वो भाऊजी?" तिनं मला खालून वर न्याहाळलं. "त्या नगरपालिकेवाल्यांनी फितवलं का तुमाला?"