बॉनेटवरचं कुंकू

आमच्याकडे गाडी चांगली की वाईट, हे माणसं तिच्यात आपलं तोंड पाहून ठरवतात. बॉनेटमध्ये बघून भांग पाडता आला, तर गाडी चांगली. त्यामुळे नव्वदनंतर कधीतरी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे धुळ्याच्या मेहुण्यांनी, नव्या जीपला वरून काळा, अजिबात न चमकणारा कागद चिकटवून घेतला, तेव्हा चोपड्याच्या बाजूच्या आमच्या गावात चांगलीच करमणूक झाली. कागद म्हणजे प्लॅस्टिकचाच पातळ पापुद्रा. तो सुरतेहून आणलेला, चिकटवणारा कारागीरही तिकडचाच. तेवढ्या खर्चात म्हणे जीप दोनदा रंगवून झाली असती. एवढे पैसे मोजून गाडी मळकी करून घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

ती जीप माझ्या लग्नाला मिळाली, ती बहिणीच्या शब्दावर. तिचं लग्न होऊन वर्षच झालं होतं. सासरी तिने तोवर काही मागितलं नव्हतं. सासरे आबा तापट, नवरा अबोला धरणारा, आणि ही मुळातच भिडस्त. भावाला वरातीला गाडी हवी, एवढं बोलायला तिला आठ दिवस लागले असतील.

मेहुण्यांनी गाडी दिली, पण सोबत पथ्यं दिली. पुसायची तर साध्या पाण्याने, मऊ फडक्याने. पॉलिश लावायचं नाही. डिझेलचा बोळा फिरवायचा नाही. उन्हात उभी करायची नाही, आणि तेल तर लांबूनही दाखवायचं नाही. बाळंतिणीलाही आमच्याकडे याहून कमी पथ्यं असतात. बहिणीने ती सगळी पाठ केली आणि घरात आल्यागेल्याला ऐकवली.

ऐकवायची राहिली ती फुईला. फुई म्हणजे वडिलांची बहीण. वरात पारोळ्याला, नवरीच्या गावी, निघायच्या सकाळीच ती तिच्या गावाहून आली. जीप पाहून आधी तिने कपाळाला हात लावला.

"हाई गाडी शे का म्हैस?"

मग ती आत गेली आणि वाटीत कुंकू घेऊन आली. नवरदेवाची गाडी कोऱ्या कपाळाने निघालेली तिला चालणार नव्हती. मी मुंडावळ्या सावरत बाहेर येईपर्यंत बॉनेटवर ताटाएवढं स्वस्तिक उठलं होतं. कुंकू पाण्यात कालवलेलं असतं तर पुसता आलं असतं. पण फुई पडली हुशार.

"पानीनं कुंकू अंमळनेरलगून उडी जाई," ती म्हणाली, "म्हनीसन तेल घातं."

बहिणीचा चेहरा मी पाहिला, आणि लग्नाचा माझा अर्धा उत्साह तिथेच गेला.

लग्न लागलं. जेवणावळी चालू असताना आमच्या एका मामांना परोपकाराची लहर आली. डाग काढायचा म्हणून त्यांनी नेमका डिझेलचा बोळा फिरवला. स्वस्तिक हललं नाही. त्याच्या भोवतीचा काळा कागद मात्र चकचकीत झाला. आता ते गावच्या वेशीवरूनही दिसलं असतं.

"आते मी घर काय सांगू, भाऊ?" बहीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मामांचा राग आला, फुईचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या सुरतेच्या कागदाचा आला.

दोन दिवसांनी जीप परत करायला मी, बहीण आणि फुई धुळ्याला निघालो. फुईला कोणी बोलावलं नव्हतं. जे केलं ते आपल्या तोंडाने सांगीन, म्हणून ती मागे चढून बसली होती. धुळ्यात शिरताच मी एका रेडियमवाल्याकडे गाडी थांबवली. त्याने बॉनेटवर बोट फिरवलं आणि मान हलवली. असा कागद इथे मिळत नाही. सुरतेहून आणून तेवढाच तुकडा बदलला, तरी बाकीचा उन्हाने उतरलाय, ठिगळ दिसणारच. बहीण खाली उतरलीसुद्धा नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली.

घरापुढे गाडी थांबली. मेहुणे बाहेर आले, बॉनेटपाशी उभे राहिले.

"डिझेल कोणी लावलं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा ओट्यावरून उतरले. त्यांनी वाकून चकचकीत जागेत आपलं तोंड पाहिलं, मिशीवरून हात फिरवला. "चमकनी ना गाडी," ते म्हणाले. माणूस खरोखर खूश झाला होता.

एवढ्यात बहिणीच्या सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि स्वस्तिक पाहून थांबल्या. कोणी काढलं, असं त्यांनी विचारलं. फुई पुढे झाली. "मी."

सासूबाईंनी तांब्या तिच्या हातात दिला, बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला आणि सुनेकडे वळल्या.

"मना पोऱ्यानी मले एक बोट टेकू दिधं नई. तुना माहेरना लोकेसनी काम कयं."

मग कळलं. गाडी आल्यापासून तिची पूजाच झाली नव्हती. कागद खराब होईल म्हणून मुलाने हळदकुंकू लावू दिलं नव्हतं. तो घाटातून सुरतेला गेला की ही बाई तो परत येईपर्यंत दारात येऊन जाऊन असायची. माझा जीव भांड्यात पडला. इतका, की मी आबांच्या जागी ओट्यावर बसूनच घेतलं आणि चहा मागितला.

मेहुणे मात्र सहजासहजी हार मानणारे नव्हते. अबोला धरावा तर आई-वडील दोघंही खुशीत. त्यांनी आतून मऊ फडकं आणि पाण्याची बादली आणली, पथ्याप्रमाणे.

"पुसू नका," बहीण म्हणाली.

हळूच म्हणाली, पण सगळ्यांच्या देखत. त्या घरात तिने कोणाला नको म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मेहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि फडकं बादलीच्या काठावर टाकलं.