तिच्या माहेरचे पैसे आणि नालवाडीचं घर

बायको गेली त्या वर्षी मला एका जागी बसवत नव्हतं. पवनारच्या वाडीत वांगी तोडायला बसलो की टमाट्याचा वाफा दिसायचा, तिकडे गेलो की वाटायचं घराला कुलूप लावलं की नाही. सकाळची बस धरून वर्ध्याला जायचो, बाजारात अडत्याच्या गादीसमोर उभा राहायचो, चहा घ्यायचो आणि परत यायचो. अडत्या म्हणायचा, "माल नाई आनला तं आले कायले?" त्याचं बरोबर होतं. त्या दिवसांत हातात खरं काम एकच होतं. तिच्या पैशांचं काय करायचं, ते ठरवायचं होतं.

पैसे तिच्या माहेरचे. नव्वदच्या पुढच्या सालांत तिच्या भावांनी शेत विकलं, तेव्हा ते सही घ्यायला आले. आमच्याकडे बहिणी मुकाट्यानं सही देतात आणि दिवाळीत लुगडं घेतात. हिनं भावांना जेवायला वाढलं आणि वाढता वाढताच म्हणाली, "सही देतो. माह्या वाट्याचं आना, मंग देतो."

थोरला म्हणाला, "अशानं माहेर तुटते, बाई."

"तुटत असन तं तुटू दे. भाजी घे अजून."

पैसे आले. वाट्यापेक्षा कमी आले, पण आले. माहेर काही तुटलं नाही, मात्र त्यानंतर भाऊ उंबऱ्यातूनच बोलून जायचे. ते पैसे तिनं आपल्या नावानं मुदत ठेवीत टाकले. मुदत संपली की स्वतः जाऊन पुन्हा टाकायची. एकदा विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा मी विचारून पाहिलं. म्हणाली, "मोटार तुमची आहे न?" संपलं.

भांडी, लुगडी, पायातलं चांदीचं यांच्याबद्दल ती सांगायची की माहेरचं लेकीकडे जाते. पैशांबद्दल काही बोलली नाही. ताप आला, डोक्यात गेला, आणि बोलायची वेळ निघून गेली. ठेवीवर वारस म्हणून माझं नाव होतं, म्हणून पैसे माझ्याकडे आले.

मुलानं नालवाडीत घर बांधलं होतं, कर्ज काढून. त्याचा पगार कमी पडला म्हणून कर्जात माझंही नाव घातलेलं. तो एका रविवारी आला आणि समजावून सांगू लागला. "समजा आपलं कर्ज शंभर रुपये. आपले वीस त्याच खात्यात नेऊन ठेवले, तं बँक व्याज ऐंशीवरच लावते. पायजे तवा वीस काढून घ्या. ठेवीत टाकले तं व्याज कमी भेटते, आन इकडं कर्जावर जास्त भरून राह्यलो आपन."

"वीस आपलेच राह्यतात?"

"आपलेच."

"मंग बँक व्याज काऊन सोडते? मावशी लागते का ते तुही?"

तो हसला. सूनही आत हसली. पण हिशेब खरा होता. मी चौथी शिकलेला असलो तरी जन्मभर तराजूमागे उभा होतो. पैसे नेऊन कर्जाच्या खात्यात टाकले.

बाजारात आमची एक रीत आहे. अडत्याकडे हंगामाचे पैसे ठेवायचे असले, तर एकदा गरज नसताना मागून पाहायचे. तोंड वाकडं न करता दिले, तर माणूस खरा. मी बँकेतही तेच केलं. महिना झाला नाही तो सगळे पैसे मागितले.

काउंटरवरची बाई म्हणाली, "काका, एवढे कशासाठी?"

"पाहासाठी."

तिनं साहेबाकडे पाहिलं. साहेबानं मुलाची सही आणायला लावली नाही, पैसे दिले. पिशवी मांडीवर घेऊन मी तिथल्याच बाकावर बसलो. मग उठून परत भरले. बँक खरी निघाली, तरी जिवाला चैन पडली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, थोडे काढले, थोडे टाकले. तिसऱ्या खेपेला साहेबानं मला आत बोलावलं, खुर्ची दिली.

मी विचारलं, "मी मेल्यावर हे कोनाचे?"

"खात्यावर तुमच्यासोबत मुलाचंच नाव आहे. तुमच्यामागे कर्ज त्याचं, पैसेही त्याचेच."

"आन पोरीचे?"

"मुलीचं नाव यात नाही, काका."

तेव्हा कळलं की इतके दिवस काय टोचत होतं.

मुलाच्या मोबाइलवर दर वेळी बँकेचा निरोप जायचा, हे मला माहीत नव्हतं. तो तणतणत पवनारला आला. "बाबा, पैसे काढून-भरून राह्यले तुमी. बँकवाले हासतात माह्यावर. मी का चोर आहो?"

"चोर असता तं दरवाजा लावला असता. तू मालक होशीन, त्याचं भेव आहे."

तो जेवला नाही, तसाच गेला. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

मग मुलीकडे, तिच्या सासरी आंजीला गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं, व्याजाचा हिशेबही सांगितला. ती सोलतच राहिली.

"मले काऊन इचारता? आईले इचाराचं होतं."

"ते आता कुठून इचारू?"

"मंग आयका. दादाच्या कर्जात राहू द्या म्हनलं, तं उद्या मले मांगाव लागन. नको म्हनलं, तं दादाचं घर मी बुडवलं असं होईन. तुमाले जे कराचं ते करा. फक्त मले तोंड उघडून मांगाले लावू नका."

शेंगा सोलायला मीही बसलो.

तिच्या आईनं भावांना वाढता वाढता मागितलं, तेव्हा मी तिथंच जेवत होतो. तिच्या पळीतलं वरण पाटावर सांडलं. भाऊ गेल्यावर ती मोरीत तोंड धूत बराच वेळ उभी होती. मागून मिळालं, हे सगळ्यांना दिसलं. मागायला काय लागलं, ते मला ठाऊक होतं.

मी मुलाला बोलावून सांगितलं, पैसे कर्जातून काढून ठेव करायची, मुलीच्या नावानं. तो म्हणाला, "कर्जाच्या खात्यात पैसे राह्यले तं कर्ज किती आधी फिटन, ठाव आहे तुमाले?"

"ठाव आहे."

"आईनं सांगतलं होतं का?"

"नाई. तिले मांगाव लागलं होतं. पोरीले लागू नये."

तो उठला. मग स्कूटर काढली आणि मला स्वतः बँकेत घेऊन गेला. साहेब म्हणाले, "काका, यात तुमचं नुकसान आहे." मुलगाच म्हणाला, "आमाले माहीत आहे, साहेब. कागद द्या." मी अंगठा लावत नाही, सही करतो. ती केली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चला घरी, जेवून जा." मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. लोक म्हणतात, काम उरकलं की मोकळं वाटतं. मला तसं वाटलं नाही. तिचं म्हणून जे एक काम माझ्या हातात राहिलं होतं, ते मीच संपवून आलो होतो. पवनारच्या बसमध्ये बसलो, पण बसवेना. नदीच्या पुलाच्या अलीकडेच उतरलो आणि उन्हात पायी चालायला लागलो.